चौकटीचा कोपरा पुन्हा पुन्हा फाकतोय? पुट्टी फासण्याआधी एवढं वाचा

तालुका प्रतिनिधी

दिवाळीला रंग मारला की दाराची चौकट नव्यासारखी दिसते. एप्रिल उजाडला की वरच्या कोपऱ्यात केसाएवढी फट दिसायला लागते. मे महिन्यात त्या फटीत जाड कागद शिरतो. पावसाळा लागला की फट आपोआप मिटते, पण आत भरलेली पुट्टी पापुद्र्यासारखी बाहेर आलेली असते. पुढच्या दिवाळीला पुन्हा पेंटर, पुन्हा पुट्टी, पुन्हा बिल.

आपल्याकडं बहुतेक घरांत हेच चालतं. घरमालक पेंटरला दोष देतो, पेंटर सुताराला आणि सुतार लाकडाला. खरं तर यात थोडं लाकडाच्या स्वभावाचं आणि बरंचसं चुकीच्या मालाचं काम असतं. योग्य वेळी योग्य माल भरला तर घरचा माणूससुद्धा एका दिवसात कोपरे नीट करू शकतो आणि ते काही वर्षं टिकतात. मात्र काही फटी अशा असतात की त्या नुसत्या बुजवून चालत नाही. त्या ओळखता आल्या नाहीत तर आत चौकट कुजते किंवा वाळवी खाते आणि वरून रंग मात्र छान दिसत राहतो.

फट का पडते?

लाकूड कापलं, रंधलं, रंगवलं तरी ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पावसाळ्यात घट्ट होणारं दार मे महिन्यात मोकळं होतं, हे प्रत्येकाच्या घरचं आहे.

पण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. ते रुंदीत आकसतं, उभ्या रेषेत जवळजवळ नाही. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत साधारण ५ टक्क्यांपर्यंत कमी होतं, पण उभ्या रेषेत हजारात एक-दोन भागच. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड. बांधावरची बाभूळ, आंबा यांची हालचाल यापेक्षा जास्त असते. ३ इंच रुंद सागवानी पट्टी पावसाळा ते उन्हाळा अर्धा ते पाऊण मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. आकडा लहान वाटतो, पण रंगाचा थर याच्या कितीतरी पट पातळ असतो. तो ताणला की तुटतो.

आता कोपऱ्याचं बघा. चौकटीच्या उभ्या बाहीत आडव्या लाकडाचं कुसू बसवलेलं असतं. बाहीची रुंदी कमी झाली की आडव्या लाकडाचा खांदा तिच्यापासून सुटतो आणि तिथं रेघ दिसते. एका लाकडाचे रेषे उभे, दुसऱ्याचे आडवे. दोघं वेगवेगळ्या दिशेनं हलतात आणि मधला रंग फाटतो.

चौकटीभोवती जी शोभेची पट्टी ठोकतात, तिचे कोपरे बऱ्याचदा ४५ अंशांत तिरके कापून जोडलेले असतात. तिथं एक ठरलेली खूण आहे. लाकूड वाळून आकसलं की तिरक्या सांध्याचा आतला कोपरा, म्हणजे दाराच्या मोकळ्या जागेकडचा, उघडतो. लाकूड फुगलं की बाहेरचा कोपरा, म्हणजे भिंतीकडचा, उघडतो. मे महिन्यात आतली बाजू फाकलेली दिसली तर समजा, लाकूड आपल्या स्वभावाप्रमाणं वागतंय. पण फट वरपासून खालपर्यंत एकसारखी रुंद असेल, तर खिळा ढिला झालाय किंवा पट्टी सरकलीय.

साधी फट कोणती, धोक्याची कोणती?

पुट्टीचा डबा उघडण्याआधी पाच मिनिटं चौकट तपासा.

एक, दार जोरात लावा आणि त्याच वेळी कोपऱ्यावर बोट ठेवा. सांधा बोटाखाली हलत असेल तर आधी तो पक्का करावा लागेल. हलत्या सांध्यात काहीही भरलं तरी सुटणारच.

दोन, फटीजवळ आणि चौकटीच्या खालच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जात नाही. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय.

तीन, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकत वरपर्यंत जा. मध्येच पोकळ आवाज आला किंवा भिंतीच्या कडेनं मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर वाळवी आहे. आधी वाळवीचा बंदोबस्त, मग फट. फवारणीचं उरलेलं औषध घरात ओतून हा बंदोबस्त करू नका. शेतातलं औषध शेतासाठी असतं, झोपायच्या खोलीसाठी नाही. घरातल्या वाळवीचं काम जाणकाराकडून करून घ्या.

चार, दाराच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग गेलीय का बघा. काळ्या मातीतल्या घरांना हे जास्त होतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. मग चौकट तिरपी होते आणि दार एका कोपऱ्यात घासायला लागतं. अशा ठिकाणी दोष कोपऱ्यात नसतो, पायात असतो. चांगल्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवा. नुसती फट बुजवली तर दुखणं झाकलं जाईल.

या चारही गोष्टी ठीक असतील तर फट साधी समजा आणि कामाला लागा.

भरायची कधी?

इथंच निम्मं काम बिघडतं. मे महिन्यात फट सर्वांत मोठी असते. तेव्हा ती कडक पुट्टीनं गच्च भरली तर जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड फुगून पुट्टीला चेपतं आणि बाहेर ढकलतं. ऑगस्टमध्ये फट मिटलेली असते, तेव्हा वरून रंग मारला तर उन्हाळ्यात रंग फाटतो.

म्हणून मधला काळ चांगला. पाऊस पूर्ण थांबल्यावर पंधरा-वीस दिवस लाकडाला कोरडी हवा लागू द्या. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत फट ना फार मोठी, ना मिटलेली, अशी मध्यावर असते. तेव्हा भरलेला माल दोन्ही बाजूंनी थोडं थोडंच सहन करतो. लग्नसराईमुळं मेमध्येच करायचं असेल तर ताणला-दाबला जाणारा माल वापरा आणि तो फटीच्या वर उंचवटा राहील असा भरू नका.

एक सोपी युक्ती. फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करून तारीख टाका. महिन्या-दोन महिन्यांनी अंतर मोजा. फट कमी-जास्त होत असेल तर ती ऋतूची आहे. फक्त वाढतच जात असेल तर वरची चारही कारणं पुन्हा तपासा.

काय भरायचं आणि काय नाही?

भिंतीची पुट्टी लाकडात नको. पांढऱ्या सिमेंटची, पाण्यात कालवायची ही पुट्टी सिमेंटच्या भिंतीसाठी आहे. लाकडात ती कडक होते, लाकडाबरोबर हलत नाही आणि तुकड्यानं गळते. भिंतीचं काम चालू असताना त्याच घमेल्यातली पुट्टी कोपऱ्यात फासली जाते, ती हीच. पेंटर असं करताना दिसला तर तिथंच थांबवा.

सिलिकॉन रंगवायच्या जागी नको. बेसिनच्या कडेला ते उत्तम, पण साध्या सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंग मारला तर मोती ओघळावेत तसा गोळा होतो किंवा नंतर सालीसारखा निघतो.

अॅक्रिलिक सीलंट कोपऱ्यांसाठी सर्वांत सोयीचा. काही दुकानदार यालाच कॉक म्हणतात. नळीत येतो, बंदुकीनं दाबून भरायचा. ओला असताना पाण्यानं पुसता येतो, वाळल्यावर थोडा लवचिक राहतो आणि त्यावर रंग बसतो. नळीवर रंग मारता येतो असं लिहिलंय का, ते दुकानातच वाचून घ्या. सिलिकॉनची आणि याची नळी दिसायला सारखीच असते. साधारण ३०० मिलिलिटरची एक नळी ३ मिलिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल फटीला ३० मीटरच्या आसपास पुरते. म्हणजे एका घराचे सगळे कोपरे होऊन उरते.

लांबी, म्हणजे खडूची पावडर आणि जवसाच्या तेलाची मळलेली पुट्टी, हा पेंटर लोकांचा जुना माल. खिळ्यांची भोकं, लाकडातले खड्डे यासाठी आजही चांगली. घासून गुळगुळीत होते. पण वर्षं गेली की कडक होते, म्हणून हलत्या सांध्यात ती एकटी टिकत नाही.

दोन गोळे मळून एकजीव करायची एपॉक्सी पुट्टी, जिला सगळे एम-सील म्हणतात, ती दगडासारखी कडक होते. तुटलेला कोपरा, निघालेला टवका यासाठी घ्या. हलणाऱ्या फटीत ती एका बाजूला धरून राहते आणि दुसऱ्या बाजूला नवी फट पाडते.

लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरणं हा सुतारांचा उपाय घरातल्या पक्क्या सांध्याला चालतो. पाणी लागणाऱ्या जागी साधा पांढरा गोंद मऊ पडतो. तिथं पाण्यात टिकणारा गोंद मागून घ्या.

फट ५ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर नुसता माल ओतू नका. लाकडाची पातळ चीप तासून, एकाच बाजूला गोंद लावून आत बसवा. दोन्ही बाजूंना चिकटवली तर लाकूड हलताना चीप किंवा सांधा फुटतो. उरलेली बारीक रेघ सीलंटनं भरा.

काम कसं करायचं?

साहित्य: बोथट सुरी किंवा पेंटरचा पत्रा, जुना टूथब्रश, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाचा प्राइमर, अॅक्रिलिक सीलंट आणि बंदूक, कागदी चिकटपट्टी, ओलं फडकं, रंग, एक इंची ब्रश.

१. फटीतला जुना माल, सुटलेला रंग सुरीनं पूर्ण काढा. अर्धवट सुटलेला माल आत ठेवून वर नवा भरला तर दोन्ही एकत्र गळतात. ब्रशनं धूळ काढा. तेलकटपणा असेल, विशेषतः स्वयंपाकघराच्या दाराला, तर साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या.

२. सांधा हलत असेल तर पक्का करा. फटीत गोंद सोडा, आधी बारीक ड्रिलनं भोक पाडा, मग स्क्रू आवळा. भोक न पाडता टोकाजवळ खिळा ठोकला तर लाकूड उलतं. स्क्रूचं डोकं लाकडात थोडं आत जाऊ द्या, वर लांबी भरा. चौकट भिंतीतच डुगडुगत असेल तर हे गवंड्याचं काम आहे.

३. फटीत जिथं कोरं लाकूड दिसतं तिथं प्राइमरचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. कोरं लाकूड मालातली ओल शोषून घेतं, मग माल धरत नाही.

४. फटीच्या दोन्ही कडांना कागदी पट्टी लावा. नळीचं टोक तिरकं आणि लहान कापा. मोठं कापलं तर माल आवरत नाही. बंदूक एका चालीनं ओढा. माल आत गेला पाहिजे, वर नुसती रेघ बसता कामा नये.

५. बोट पाण्यात बुडवून एकदाच फिरवा, जास्तीचा माल ओल्या फडक्यानं टिपा आणि माल ओला असतानाच पट्टी काढा. वाळल्यावर काढली तर कड उचलते.

६. नळीवर लिहिलेला वेळ थांबा. साधारण एक दिवस धरून चाला. वाळताना माल थोडा बसतो आणि मध्ये खळगा पडतो. तिथं दुसरा पातळ हात द्या. लोक इथंच घाई करून रंग मारतात.

७. सीलंट पॉलिश पेपरनं घासला तर रबरासारखा कुसकुसतो, म्हणून तो ओला असतानाच नीट करायचा. आजूबाजूचा जुना रंग आणि लांबीची जागा मात्र आधी १२० आणि मग २२० नंबरनं घासा. पुसून प्राइमर, वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. सीलंट आतून पूर्ण वाळण्याआधी ऑइल पेंट मारला तर रंगाला बारीक तडे जातात.

उंबऱ्याजवळ जास्त लक्ष द्या

वरच्या कोपऱ्याची फट दिसायला वाईट. खालच्या कोपऱ्याची फट चौकट संपवते. रोजचा सडा, ओटा धुणं, पावसाची झड, हे सगळं पाणी बाहीच्या खालच्या टोकाला लागतं. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी नळीतून चढावं तसं वर चढतं. वर रंगाचा थर असला की ते बाहेर पडू शकत नाही आणि आतल्या आत लाकूड कुजतं.

म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, बाहेरच्या दारांची खालची टोकं आणि सांधे बघा. रंग फुगलाय, फोड आलाय असं दिसलं तर तिथं खरवडा. लाकूड काळं, मऊ असेल तर तो भाग सुताराकडून कापून नवा तुकडा जोडून घेणं स्वस्त पडतं. पूर्ण चौकट बदलायची वेळ आली तर भिंत फोडावी लागते. बाहेरच्या सांध्यांना पीयू सीलंट जास्त टिकतो. घेताना त्यावरही रंग बसतो का ते वाचा. ओट्याचा उतार दाराकडून बाहेर जाणारा ठेवा.

जुना रंग घासताना लेकरांना दूर ठेवा

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातलं शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम २०१६ मध्ये निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दारा-चौकटींत जास्त शिसे असू शकतं. वाड्यांच्या जुन्या दारांवर तर थरावर थर असतात.

शिशाची धूळ डोळ्याला दिसत नाही, पण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक आहे. गरोदर बाईलाही धोका आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पाणी शिंपडून, ओला पॉलिश पेपर वापरून घासा. तोंडाला चांगला मास्क बांधा. मुलं आणि गरोदर बायका त्या खोलीत नकोत. खाली प्लास्टिकचा कागद अंथरा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसून घ्या. हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

आणि एक गोष्ट घराघरात सांगा. जुनी रंगवलेली चौकट, खिडकी फोडून चुलीत किंवा पाण्याच्या बंबाखाली जाळू नका. त्या धुरात आणि राखेत शिसे राहतं. ती राख भांडी घासायला किंवा परसातल्या भाजीला तर अजिबात नको.

नवी चौकट करताय?

बांधावरचं झाड तोडलं, मिलमधून कापून आणलं आणि पंधरा दिवसांत चौकट उभी केली, की कोपरे फाकणार हे नक्की. ओलं लाकूड चौकटीत बसल्यावर वाळतं आणि आकसतं. कापलेले नग सावलीत, जमिनीपासून उंचावर, प्रत्येक थरात काड्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवा. किमान एक पूर्ण उन्हाळा काढू द्या. भिंतीत बसवण्याआधी चौकटीच्या मागच्या बाजूला आणि खालच्या कापलेल्या टोकांना प्राइमर मारून घ्या. नंतर तिथं ब्रश पोचत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आधीच सिलिकॉन भरलंय, आता काय?*
ब्लेडनं कापून पूर्ण काढा. पातळ थर राहिला तरी रंग धरत नाही. पॉलिश पेपर मारून पुसा, मग नवा माल भरा.

*फट भरली तेवढ्याच जागेला रंग लावला तर?*
ठिगळ दिसतं, कारण जुना रंग उन्हानं उतरलेला असतो. एक पूर्ण बाही किंवा एक पूर्ण पट्टी, सांध्यापासून सांध्यापर्यंत रंगवा. मग फरक डोळ्यात भरत नाही.

*चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीला काय?*
लाकूड आणि प्लास्टर वेगवेगळं हलतं, त्यामुळं तिथं सिमेंट टिकत नाही. चौकट पक्की असेल तर अॅक्रिलिक सीलंटच भरा.

*लोखंडी चौकट असेल तर?*
लोखंड ओलीनं फुगत नाही, पण गंजतं. वेल्डिंगच्या कोपऱ्यात गंज दिसला तर खरवडून, गंजरोधक रेड ऑक्साइड प्राइमर मारून, मग लोखंडावर चालणारी पुट्टी आणि रंग असा क्रम ठेवा. गंजावर पुट्टी लावली तर ती गंजासकट निघते.

पेंटरशी बोलताना

काम मजुरीनं देणार असाल तर ठरवतानाच तीन गोष्टी बोलून घ्या. जुना माल पूर्ण काढायचा, कोऱ्या लाकडाला प्राइमर द्यायचा आणि सांध्यात भिंतीची पुट्टी घालायची नाही. सीलंटची नळी स्वतः आणून द्या, म्हणजे वाद राहत नाही. चांगला कारागीर या अटींना नाही म्हणत नाही. काम झाल्यावर कोपऱ्याचा मोबाईलवर फोटो काढून तारखेसह ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात त्याच कोपऱ्याशी ताडून बघा.